परदेशातून आलेलं पार्सल उघडू की नको?

परत एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर तो मेसेज फिरायला लागलाय, बाहेरच्या देशातनं येणाऱ्या खोक्यांवर नवा व्हायरस आहे, पार्सल तीन दिवस उघडू नका, पुढे पाठवा. जानेवारी २०२५ ला एचएमपीव्हीची बातमी आली तेव्हाही हाच मेसेज माझ्याकडे आला होता, फक्त व्हायरसचं नाव वेगळं होतं. (एचएमपीव्ही काही नवा नव्हता, २००१ सालीच नेदरलँड्समध्ये सापडलाय तो, आणि आपल्याकडे सर्दी-खोकल्याच्या साथीत वर्षानुवर्षं असणारच.) तर यावेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पार्सलबद्दलच आहेत म्हणून हा अख्खा अंक त्यालाच दिलाय. पत्रं थोडी छोटी केलीत, नावं गाळलीत.

प्रश्न: आम्ही विश्रामबागला राहतो. मुलगा इंजिनिअरिंगला आहे, प्रोजेक्टसाठी छोटे सेन्सर, बोर्ड असलं काय काय चीनमधनं मागवत असतो. सासूबाई ते खोकं घरात घेऊ देत नाहीत, तीन दिवस गच्चीवर उन्हात ठेवायला लावतात आणि हात लावला की आंघोळ. मागच्या वेळी उन्हानं आतलं काहीतरी बिघडलं, त्यावरनं घरात मोठं भांडण झालं. खरंच एवढं करावं लागतं का हो ताई?

उत्तर: नाही लागत. पण सासूबाईंवर चिडू नका, २०२० ला आपण सगळ्यांनीच दुधाच्या पिशव्या साबणानं धुतल्यात. मी तीस वर्षं मिरजेत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलंय तरी मी पण धुतल्यात, कारण तेव्हा माहिती अर्धवट होती आणि घरात ऐंशीच्या पुढचे सासरे होते.

तीन दिवसांचा आकडा कुठनं आला ते सांगते म्हणजे त्यांनाही पटेल. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत कोरोनाचा विषाणू वेगवेगळ्या पृष्ठभागांवर टाकून बघितला की किती वेळ जिवंत सापडतो. प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत सापडला, पुठ्ठ्यावर २४ तासांनंतर सापडला नाही, तांब्यावर ४ तासांनंतर नाही. बातम्यांमध्ये फक्त ७२ तास एवढंच आलं आणि त्याचे झाले तीन दिवस. पण त्याच प्रयोगात दुसरी एक गोष्ट होती जी कुणी सांगितलीच नाही, प्लास्टिकवर दर सहा-सात तासांनी जिवंत विषाणूंची संख्या निम्मी होत होती. निम्म्याचे निम्मे, परत त्याचे निम्मे. ७२ तासांनी जे उरलं ते मूळच्या हजारातलं एखादंच. आणि मुळात टाकताना त्यांनी भरपूर टाकला होता, माणूस एकदा खोकला की खोक्यावर पडतो तेवढा थोडासा नाही.

आता तुमच्या मुलाच्या पार्सलचा प्रवास बघा. तिकडच्या गोदामात कुणीतरी आजारी माणूस त्यावर खोकला असं आपण धरूनच चालू. मग ते खोकं तिथं पडून राहणार, विमानात बसणार, मुंबईला कस्टममध्ये अडकणार, मग ट्रकनं घाट उतरून हायवेनं पेठ नाक्याला येणार आणि तिथनं सांगलीत. चांगले आठ-दहा दिवस, कधीकधी तीन आठवडे. एप्रिल-मेमध्ये त्या ट्रकच्या आत काय भट्टी असते ते वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर २०२० ला ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेचा एक अभ्यास आला होता, त्यात विषाणू काचेवर २८ दिवस टिकला असं सगळीकडे छापून आलं आणि लोक परत घाबरले. पण तो प्रयोग पूर्ण अंधारात आणि २० अंशावर केला होता. त्याच अभ्यासात ४० अंशावर तोच विषाणू दोन दिवसही टिकला नाही, हे छापून आलं नाही किंवा आलं तरी कुणी वाचलं नाही.

मुख्य मुद्दा म्हणजे विषाणू जिवंत पेशीच्या बाहेर वाढत नाही. शिळ्या भातात जिवाणू वाढतात तसे खोक्यावर विषाणू वाढत नाहीत, पडल्या क्षणापासून फक्त कमी कमी होत जातात. हरिपूरच्या पेवातली (जमिनीखालच्या कोठारातली) हळद वर्षानुवर्षं तशीच राहायची, विषाणूचं तसं नाही, कोरोना-फ्लू जातीच्या विषाणूंचं तर अजिबातच नाही कारण त्यांच्याभोवती चरबीचं पातळ कवच असतं, ते वाळलं किंवा त्याला साबण लागला की खेळ संपला.

सासूबाईंना इस्लामपूरची आठवण करून द्या. मार्च २०२० मध्ये सौदीहून परतलेल्या एका कुटुंबात पहिले चार रुग्ण सापडले आणि आठवड्याभरात आकडा पंचवीसवर गेला, अख्खा जिल्हा हादरला होता. ते सगळे कोण होते? घरातले, नात्यातले, एकमेकांच्या सहवासातले. एकत्र बसले, बोलले, एका हवेत श्वास घेतला. तेव्हा परदेशातनं आजार आला तो माणसाच्या श्वासातनं आला, बॅगेतल्या वस्तूंवरनं आल्याचं काही दिसलं नाही.

म्हणून एवढंच करा, खोकं उघडा, पुठ्ठा आणि प्लास्टिक बाहेर टाका, साबणानं हात धुवा. आंघोळ नको, ऊन तर अजिबात नको, इलेक्ट्रॉनिक वस्तू उन्हात खराबच होणार.

प्रश्न: मिरजेत माझं मोबाईल अ‍ॅक्सेसरीजचं दुकान आहे. रोज तीस-चाळीस खोकी उघडतो, निम्मा माल बाहेरचा. माझ्या मेहुण्यानं एक बातमी पाठवली की चीन सरकारनंच सांगितलं होतं की पत्रातनं कोरोना आला, आणि फ्रोझन माशाच्या खोक्यावर जिवंत व्हायरस सापडला. सरकारच म्हणत असेल तर मग खोटं कसं असेल?

उत्तर: बातमी खोटी नाहीये, पण पूर्णही नाहीये.

माशाचं आधी सांगते. ऑक्टोबर २०२० ला चीनमधल्या चिंगदाओ बंदरावर आयात केलेल्या गोठवलेल्या माशाच्या खोक्यांवर जिवंत विषाणू मिळाल्याचं तिथल्या रोगनियंत्रण संस्थेनं जाहीर केलं होतं, तिथल्या गोदी कामगारांना लागण झाली होती त्याचा तपास करताना. हे मी मानायला तयार आहे कारण उणे तापमानात विषाणू खूप टिकतो, आपण प्रयोगशाळेत पण त्यांना असंच गोठवून ठेवतो. म्हणजे बर्फातला माल ही एक वेगळी गोष्ट आहे आणि ती उचलणाऱ्या हमालांनी हातमोजे घालावेत, बरोबर आहे. तुमच्या चार्जरच्या खोक्याला हे लागू होत नाही.

पत्राचं म्हणाल तर ते जानेवारी २०२२ चं. बीजिंगमधल्या एका रुग्णाला लागण कुठनं झाली ते सापडेना तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी कॅनडातनं अमेरिका आणि हाँगकाँगमार्गे आलेल्या टपालावर बोट ठेवलं आणि लोकांना परदेशी पार्सल हातमोजे घालून, घराबाहेर उघडायला सांगितलं. बाहेरच्या तज्ज्ञांना ते पटलं नाही. टपालावर विषाणूचे अंश सापडले होते म्हणे, पण अंश सापडणं आणि लागण होणं यात खूप फरक आहे. आरटीपीसीआर टेस्ट विषाणूची आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय धागा शोधते, तो जिवंत आहे का मेलेला हे ती टेस्ट सांगत नाही. आपल्याकडचंच बघा ना, ऊसतोड झाली की रानात पाचट पडून राहतं, ते बघून ऊस होता हे कळतं, पण पाचटाचा गूळ होत नाही.

अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेनं, एप्रिल २०२१ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून सांगितलं की विषाणू लागलेल्या पृष्ठभागाला एकदा हात लावल्यानं लागण व्हायची शक्यता साधारण दहा हजारात एकापेक्षाही कमी. आणि हे पृष्ठभागाला नक्की विषाणू लागलाय असं धरून हं, तुमच्या चाळीस खोक्यांपैकी एकालाही लागलेला नसेल.

तुम्हाला खरी काळजी घ्यायची असेल तर दोन गोष्टी सांगते ज्या मी दुकानादुकानात बघते. एक म्हणजे टेप दातानं तोडायची सवय, ती बंद करा, शंभर हातांतनं आलेली टेप तोंडात कशाला घालायची? कटर ठेवा. दुसरी म्हणजे खोकी उघडता उघडता मध्येच वडापाव खाणं. हात धुऊन खा, बस. आणि दुकानाला मागनं खिडकी असेल तर ती उघडी ठेवा, कारण तुमच्याकडे आजार येणार तो काउंटरच्या पलीकडनं, समोर उभं राहून खोकणाऱ्या गिऱ्हाइकाकडनं. त्या बंद एसीच्या गाळ्यात दिवसभर बसणं हे चाळीस खोक्यांपेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं आहे.

प्रश्न: मी कुपवाडला राहतो, पार्सल पोचवायचं काम करतो. आता कोरोना संपला तरी अजून काही घरात लोक लांबनं ओरडतात, गेटवर ठेव आणि जा. एका काकांनी परवा माझ्या हातावर आणि तोंडावर स्प्रे मारला, डोळे तासभर चुरचुरत होते. मी त्यांना काही बोललो नाही कारण तक्रार केली तर माझंच रेटिंग जातं. मला विचारायचंय की आम्हाला खरंच धोका आहे का आणि आमच्यामुळं लोकांना आहे का?

उत्तर: दादा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि पहिल्यांदा तर पुढं काही लिहायला सुचेना.

आधी तो स्प्रे. माणसाच्या अंगावर जंतुनाशक मारणं चूक आहे, आणि हे मी माझ्या मनानं सांगत नाहीये, केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं १८ एप्रिल २०२० लाच, म्हणजे अगदी लॉकडाऊनच्या भरात, स्पष्ट लिहून दिलं होतं की व्यक्तींवर किंवा समूहावर असली रसायनं फवारू नका, त्यानं डोळ्यांना, त्वचेला, श्वासाला त्रास होतो आणि शरीरात गेलेल्या विषाणूवर त्याचा काही परिणाम होत नाही. तेव्हा सुद्धा चूक होतं ते आत्ता बरोबर कसं असेल? परत असं झालं तर लगेच साध्या पाण्यानं दहा-पंधरा मिनिटं डोळे धू, चोळू नकोस, आणि दुसऱ्या दिवशीही लाल राहिले किंवा अंधुक दिसलं तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, वाट बघू नकोस.

तुला धोका आहे का? खोक्यांमुळं जवळजवळ नाही. दिवसाला शंभर दारांत शंभर माणसांसमोर उभा राहतोस त्यामुळं थोडा आहे, म्हणजे तुझ्यामुळं त्यांना जेवढा त्यापेक्षा त्यांच्यामुळं तुला जास्त. साथ चालू असेल तेव्हा मास्क लाव, बंद लिफ्टमध्ये तर नक्कीच. ताप असेल तर कामावर जाऊ नये हे सांगायला सोपं आहे, दिवसाचे पैसे बुडतात हे मला माहितीये, पण तापात उन्हातनं गाडी चालवताना चक्कर येऊन पडलेली मुलं बघितलीत मी, म्हणून सांगते.

आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांना माझी हात जोडून विनंती आहे, त्या मुलाला निदान पाणी विचारा. आपल्याकडं दारात आलेल्या पोस्टमनला आधी गूळपाणी मिळायचं. हा आजचा पोस्टमनच आहे.

प्रश्न: मी तासगावचा निवृत्त शिक्षक, वय ७८. माझे आजोबा सांगायचे की प्लेगच्या वेळी बाहेरगावचं कापडाचं गाठोडं आलं की गावात प्लेग शिरायचा, लोक माल घेत नसत, अख्खं गाव रानात झोपड्या घालून राहायचं. तुम्ही म्हणता वस्तूतून रोग येत नाही. मग आमचे आजोबा चुकीचे होते का?

उत्तर: सर, तुमचे आजोबा अगदी बरोबर होते आणि तुमच्या प्रश्नामुळं मला जे नीट सांगायचंय ते सांगायची संधी मिळाली.

प्लेग १८९६ ला मुंबईत आला आणि तिथनं रेल्वेनं, गाड्यांनी आपल्या बाजूला पसरला. तो विषाणू नव्हता, जिवाणू होता, आणि तो यायचा उंदरांवरच्या पिसवांमधनं. धान्याच्या पोत्यात, कापडाच्या गाठोड्यात पिसवा लपून बसायच्या आणि दिवसेंदिवस जगायच्या. म्हणजे कापड स्वतः रोगी नव्हतं, त्यात एक जिवंत प्राणी बसून आलेला असायचा. पिसवांचा हा संबंध पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिला, पण आपल्या लोकांनी त्याच्याआधीच बघून ठेवलं होतं की उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं. रानात राहायला जाणं हा अगदी शास्त्रीय उपाय होता, उंदीर-पिसवा मागं राहायच्या. लस पण तेव्हाच आपल्या मुंबईत झाली, हाफकिन साहेबांनी १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली.

अजून सांगते. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत दाढीच्या ब्रशमधनं लोकांना काळपुळी (अँथ्रॅक्स) झाली, काही दगावले. ब्रशाचे केस आशियातनं आलेल्या घोड्यांचे होते, नीट निर्जंतुक केलेले नव्हते. हा आपल्या जनावरांना होणाऱ्या फाशी रोगाचाच जंतू, त्याचे बीजाणू मात्र खरंच पेवातल्या हळदीसारखे, मातीत वर्षानुवर्षं टिकतात. देवीचे रुग्ण ज्या कांबळ्यांवर झोपले ती कांबळी इंग्रजांनी १७६३ साली अमेरिकेतल्या फोर्ट पिट इथं मुद्दाम तिथल्या मूळ रहिवाशांना दिली होती, हा इतिहास आहे. देवीच्या खपल्यांमध्ये विषाणू बराच टिकायचा. सुदैवानं १९७५ नंतर भारतात आणि १९८० पर्यंत जगातनंच देवी गेली.

म्हणून मी वस्तूतनं रोग येतच नाही असं कधीच म्हणणार नाही सर. मी म्हणते की खोकं कुठल्या देशातनं आलं हे विचारण्यापेक्षा आत काय आहे ते विचारा. कोरडं प्लास्टिक, धातू, नवं कापड, कागद असेल तर सोडून द्या. काही जिवंत, ओलं, खायचं, गोठवलेलं, पेरायचं किंवा जनावराच्या अंगावरचं असेल तर मात्र थांबा. पुढची पत्रं योगायोगानं त्याच्याबद्दलच आहेत.

प्रश्न: सेकंडहँड इम्पोर्टेड जॅकेट ढिगात स्वस्त मिळतात, कॉलेजची पोरं घेतात. त्यातनं काही होऊ शकतं का?

उत्तर: गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा, मगच घाला. विषाणूपेक्षा खरूज आणि त्वचेची बुरशी याचा संबंध जास्त. एमपॉक्सचा (आधी त्याला मंकीपॉक्स म्हणायचे) विषाणू रुग्णाच्या अंथरूण-कपड्यांवर टिकतो हे खरं आहे, पण त्याची काळजी रुग्णाच्या घरातल्यांनी करायची, महिनोन्‌महिने गाठोड्यात बांधून आलेल्या जॅकेटबद्दल नाही. धुतल्याशिवाय घालू नका एवढं मात्र पोरांना ओरडून सांगा, ती ऐकत नाहीत.

प्रश्न: मी आटपाडी तालुक्यातला शेतकरी. यूट्यूबवर बघून बाहेरच्या देशातनं रंगीत ढोबळी मिरची आणि काळ्या टोमॅटोचं बी ऑनलाइन मागवलंय, साध्या पाकिटात आलं, वर दागिने असं काहीतरी लिहिलं होतं. बायको म्हणती त्याला हात लावू नका, व्हायरस आसंल. मी म्हणलं बियाला कसला व्हायरस. कोण बरोबर?

उत्तर: वहिनी बरोबर आहेत, कारण फक्त वेगळं आहे. तुम्हाला आणि मुलाबाळांना त्याच्यापासून काही होणार नाही, पण तुमच्या शिवाराला होऊ शकतं, आणि मला खरं सांगायचं तर आजच्या सगळ्या पत्रांत हेच एक पार्सल आहे ज्याची मला मनापासून भीती वाटली.

टोमॅटो आणि ढोबळीवर पडणारा एक विषाणू आहे, टोमॅटो ब्राऊन रुगोज फ्रूट व्हायरस. २०१४-१५ च्या सुमारास इस्रायल-जॉर्डनकडं तो पहिल्यांदा दिसला आणि काही वर्षांत युरोप, मेक्सिको, अमेरिका, चीन असा पसरला. कसा पसरला? बियाण्यातनं आणि रोपांतनं. माणसाच्या कोरोनासारखं याचं कवच नाजूक नाही, तो तंबाखूच्या मोझॅक विषाणूच्या कुळातला, बियाच्या सालीवर, सुतळीवर, कात्रीवर, कपड्यांवर महिनोन्‌महिने टिकतो. एकदा शेडनेटमध्ये शिरला की मजुरांच्या हातांनी या झाडावरनं त्या झाडावर जातो, फळाला तपकिरी चट्टे पडतात, माल कुणी घेत नाही. औषध नाही त्याला, उपटून जाळणे हाच उपाय.

आणि विषाणूनं बाजार कसा पडतो हे आपण जवळनं बघितलंय. मे २०२० मध्ये आपल्या सातारा, पुणे, नगर भागात टोमॅटोवर तिरंगा आला होता, फळाला तीन रंगांचे पट्टे, बंगळूरच्या बागवानी संस्थेनं तपासून प्रामुख्यानं कुकुंबर मोझॅक विषाणू असल्याचं सांगितलं. झाडांचा विषाणू होता, माणसाला त्यापासून काही होत नाही, पण टीव्हीवर असं काही दाखवलं की लोक टोमॅटो खायला घाबरले आणि ज्यांच्या प्लॉटवर रोग नव्हता त्यांचेही भाव पडले. त्या वर्षी फलटणकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्यानं लाल गच्च टोमॅटो बांधावर ओतले होते, मी गेले होते बघायला, मला बघवलं नाही. गुरांच्या लंपी रोगाच्या साथीत दुधाबद्दल पण अशीच भीती पसरली होती, लंपीही माणसाला होत नाही.

२०२० च्या जुलैच्या सुमारास अमेरिकेत, कॅनडात, इंग्लंडमध्ये हजारो लोकांच्या घरी न मागवलेली बियांची पाकिटं आली होती, वर दागिने नाहीतर खेळणी असं लिहिलेलं, अगदी तुमच्यासारखंच. तेव्हा आपल्या कृषी मंत्रालयानंही राज्यांना आणि बियाणे कंपन्यांना सावध केलं होतं. आपल्याकडं बाहेरचं बी आणायला प्लांट क्वारंटाइनचा २००३ चा आदेश लागू आहे, त्यात आयात परवाना लागतो आणि त्या देशाचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, पाकिटावर दागिने लिहून पाठवणारा हे दोन्ही चुकवतोय. तो तुमच्यावर उपकार करत नाहीये.

आता काय करायचं तर पाकीट फोडलं नसेल तर फोडू नका, फोडलं असेल तर दुसऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा. उकिरड्यावर टाकू नका, तिथं उगवलं तर सगळंच मुसळ केरात. ओढ्यात तर नाहीच. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं नेऊन द्या आणि ऑनलाइन आलंय असं खरं खरं सांगा. पैसे गेले हे वाईट झालं, पण तुमच्या गावात डाळिंबावर तेल्या रोगानं आधीच किती जणांचं नुकसान झालंय ते तुम्हीच बघितलंय, त्यात अजून एक रोग आपल्या हातानं नको. रंगीत ढोबळीचं बी आपल्याकडच्या परवानाधारक दुकानातही मिळतं, पावती घेऊन घ्या.

प्रश्न: ऑफिसच्या टेबलावर ठेवायला लकी बांबू मागवलाय, आणि मुलीच्या वाढदिवसाच्या केकसाठी बाहेरच्या फ्रोझन बेरीज. यात काही?

उत्तर: दोन्हीत थोडं थोडं आहे.

लकी बांबू पाण्यात असतो आणि पाण्यात डास अंडी घालतात. २००१ मध्ये कॅलिफोर्नियात टायगर डास याच लकी बांबूच्या खोक्यांतनं पोचला, त्याच्याआधी १९८५ ला टेक्सासमध्ये आशियातनं आलेल्या जुन्या टायरमधनं. डेंगी-चिकनगुन्याचे विषाणू नेणारा हा डास, त्याची अंडी कोरडी असली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. डास आपल्याकडं आधीच आहेत म्हणून घाबरून फेकून देऊ नका, पण पहिलं पाणी टाका, बरणी आतनं घासून धुवा आणि दर चार दिवसांनी पाणी बदला. खरंतर हे घरातल्या कूलरलाही करायचं असतं.

बेरीजचं जरा जास्त लक्षात ठेवा. हिपॅटायटिस ए म्हणजे दूषित अन्न-पाण्यातनं होणारी कावीळ, तिचा विषाणू फ्रीजरमध्ये मरत नाही. २०१३ साली इटलीत गोठवलेल्या मिक्स बेरीजमधनं आणि त्याच वर्षी अमेरिकेत तुर्कस्तानातनं आलेल्या गोठवलेल्या डाळिंबाच्या दाण्यांतनं तिची साथ आली होती. तेव्हा कच्च्या घालू नका, उकळी आणून दोन मिनिटं शिजवा, मग केकवर घाला. किंवा महाबळेश्वरच्या ताज्या स्ट्रॉबेरी मिळत असतील तर त्या चांगल्या धुऊन वापरा, मी तर तेच करीन. आणि एक विचारते, रागावू नका, २०१९ च्या महापुरानंतर आपल्याकडं काविळीची किती भीती होती आठवतंय ना? तुमच्या सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली ते एकदा विचारून बघा.

प्रश्न: मी माधवनगरला राहते, वय ७१, शुगर आहे. मुलगी अमेरिकेत असते. तिनं दिवाळीला माझ्यासाठी स्वेटर, गुडघ्याचा पट्टा आणि चॉकलेट पाठवलं. मुलगा म्हणाला आई तुझी प्रतिकारशक्ती कमी आहे, बाहेरचं काही नको, आणि ते खोकं माळ्यावर ठेवलंय. चार महिने झाले. मुलगी दर फोनला विचारते, आई स्वेटर बसला का, मी हो म्हणते. मला खोटं बोलायला लागतं याचं वाईट वाटतं. उघडलं तर चालेल का?

उत्तर: मावशी, हे उत्तर वाचून होईपर्यंत पण थांबू नका, मुलाला आत्ता स्टूलवर चढवून ते खोकं खाली काढून घ्या. तुम्ही स्वतः स्टूलवर चढू नका.

मुलाचं प्रेम आहे म्हणून तो असं वागला, त्याच्यावर राग नको. पण त्याला माझं नाव सांगून सांगा की चार महिने माळ्यावर पडलेल्या खोक्यावर त्याला ज्याची भीती वाटते असा कुठलाही सर्दी-खोकल्याचा विषाणू जिवंत नसतो. शुगर असणाऱ्यांना विषाणूचा त्रास जास्त होतो हे तो बरोबर बोलला, तर त्यासाठी त्याला करण्यासारखं खूप आहे. दरवर्षीची फ्लूची लस तुम्हाला द्यायची का हे डॉक्टरांना विचारा, शुगर आटोक्यात ठेवा, घरात कुणाला सर्दी झाली की त्यानं तुमच्या खोलीत मास्क लावून यावं आणि खिडकी उघडी असावी. नातवंडं शाळेतनं आली की आधी हात धुवायचे आणि मगच आजीच्या मांडीवर, असा नियम करा, ती मोडतील, परत सांगा.

स्वेटरवर माळ्यावरची धूळ असेल, एकदा झटकून उन्हात टाका, धुळीनं खोकला होतो. गुडघ्याच्या पट्ट्याचं माप डॉक्टरांना एकदा दाखवा, घट्ट असेल तर पायाला सूज येते आणि शुगरमध्ये पायाची काळजी घ्यावी लागते. मग स्वेटर घालून मुलीला व्हिडिओ कॉल करा, तिकडं सकाळ असेल तेव्हा, म्हणजे आपल्या संध्याकाळी सातनंतर. चॉकलेट तुमच्यासाठी नाही, ते नातवंडांना, पण आधी पाकिटावरची तारीख बघून घ्या.